तळखडा शोभेचा नसतो

आजच्या समारंभाचे अध्यक्ष महोदय, व्यासपीठावरचे प्रमुख पाहुणे, ज्यांना निरोप द्यायला आपण जमलो ते आपले प्राचार्यसाहेब, त्यांच्या शेजारी बसलेल्या वहिनीसाहेब, सगळे शिक्षक, कार्यालयातली मंडळी, पुढच्या रांगेत बसून मोबाइल बघणारे विद्यार्थी, आणि खुर्च्या पुरल्या नाहीत म्हणून भिंतीला टेकून उभ्या असलेल्या सफाई विभागातल्या बायका, तुम्हा सर्वांना माझा नमस्कार.

मला इथे ज्येष्ठ कारागीर म्हणून बोलावलं आहे. पत्रिकेत तसं छापलंय. ज्येष्ठ आहे हे खरं, माझे गुडघे त्याची साक्ष देतील. कारागीर म्हणाल तर मी दगड घडवणारी. बाप दगड घडवायचा आणि मी त्याच्या हाताखाली. शाळेत दुसरीपर्यंत गेले, तिसरीला हातात छिन्नी आली. या संस्थेची इमारत उभी राहिली त्याला सव्वीस वर्षं झाली. बाहेर जो लांब व्हरांडा आहे, त्याच्या खांबांखालचे चौदा दगड मी घडवले. त्यांवर चौदा लाकडी खांब माझ्या नवऱ्याने उभे केले. पुढे ते इथेच सुतारकाम शिकवायला लागले. सगळे त्यांना मिस्त्री म्हणायचे. म्हणायचे असं म्हणते, कारण गेली नऊ वर्षं या आवारात त्यांना कोणी काहीच म्हणालेलं नाही.

ते आज आलेत. शेवटच्या रांगेत, दाराजवळ, इस्त्रीचा शर्ट घालून. घरातून निघताना मला म्हणाले, "चार गोड शब्द बोल आणि खाली ये. भांडू नकोस."

मी म्हटलं, "भांडणार नाही. फक्त सांगणार आहे."

ते म्हणाले, "तुझ्या बाबतीत त्या दोन्हीत फरक कधी होता?"

असो. आधी गोड शब्द. साहेब वेळेवर यायचे. घंटा व्हायच्या आधी फाटकात उभे असायचे आणि उशिरा येणाऱ्याला काही न बोलता नुसते घड्याळ दाखवायचे. त्यांनी बाग केली. मुलींसाठी वेगळी स्वच्छतागृहं बांधली, तीही दारं नीट लागणारी. मुलींना हत्यारं देणारी ही पहिली संस्था, तेही साहेबांनीच केलं, म्हणून तर माझी नात आज इथे सुतारकाम शिकते. हे सगळं खरं आहे आणि मी ते मनापासून सांगते. मला कोणाचं चांगलं झाकून ठेवता येत नाही. वाईटही येत नाही, तिथेच माझं घोडं अडतं.

मघाशी टाळ्यांच्या गजरात साहेबांच्या पुस्तकाचं प्रकाशन झालं. बांधकामातल्या शब्दांचा कोश. प्रत्येक शब्दाचा अर्थ, आणि तो शब्द आला कुठून त्याची माहिती. प्रमुख पाहुणे म्हणाले की हे पुस्तक पुढच्या पन्नास वर्षांच्या कारागिरांना पुरेल. मला तीच धास्ती वाटते. कारण छापून आज आलं असलं, तरी वर्गात ते गेल्या वर्षापासून झेरॉक्स काढून शिकवतात, आणि त्याचं एक पान माझ्या घरात येऊन पडलं आहे.

कसं आलं ते सांगते. दोन महिन्यांपूर्वी नात परीक्षेचा तपासलेला पेपर घेऊन घरी आली. स्वयंपाकघराच्या ओट्यावर ठेवला आणि म्हणाली, "आजी, हे बघ. दोन मार्कांचा प्रश्न होता, शून्य मिळालं."

प्रश्न होता, तळखडा म्हणजे काय, शब्दाचा उगम सांगा. तिने लिहिलं होतं, 'लाकडी खांबाच्या बुडाखाली बसवलेला दगड. तो खांबाचं लाकूड जमिनीच्या ओलीपासून वर ठेवतो. तळाचा खडा तो तळखडा.' त्यावर लाल रेघ. बाजूला लिहिलेलं, 'पुस्तक पाहा.'

पुस्तक पाहिलं. मला वाचायला वेळ लागतो, पण वाचते. तिथे लिहिलंय, 'तळखडा: खांबाच्या पायथ्याशी शोभेसाठी बसवलेला दगड. पूर्वी श्रीमंतांच्या दिवाणखान्यात असे दगड घासून चकचकीत करीत. तळपणारा खडा, म्हणून तळखडा.'

मी ते तीनदा वाचलं. मग नातीच्या आजोबांना वाचून दाखवलं. ते म्हणाले, "परीक्षेत पुस्तकातलंच लिहायचं असतं गं पोरी." आणि उठून बाहेर जाऊन बसले. हा माणूस पन्नास वर्षांत माझ्याशी वाद अर्धा टाकून कधी उठून गेला नाही. त्या दिवशी गेला.

साहेब, मी तुम्हाला विचारते. चौदा तळखडे मी घडवले. एकाला तीन दिवस लागायचे. तुमच्या शोभेसाठी मी बेचाळीस दिवस उन्हात बसले होते का?

पोरांनो, तुमच्यातल्या किती जणांना खरं माहीत आहे मला ठाऊक नाही, म्हणून सांगते. परीक्षेत लिहू नका, शून्य मिळेल, पण डोक्यात ठेवा. पाया जमिनीत असतो, दिसत नाही. जोतं जमिनीवर असतं, घराची पहिली पायरी चढून तुम्ही ज्याच्यावर येता ते जोतं. आणि जोत्यावर खांब उभा करायचा असेल तर त्याच्या बुडाखाली जो दगड जातो, तो तळखडा. तिघांची कामं वेगळी. एकाचं नाव दुसऱ्याला दिलं तर घर काही लगेच पडत नाही. काही वर्षांनी पडतं.

माझा बाप सांगायचा की आधी लोक खांब सरळ जमिनीत पुरायचे. दोन-चार पावसाळ्यांत बूड सडायचं, वाळवी लागायची, पुन्हा नवा खांब. मग कोणाच्या तरी ध्यानात आलं की सडतं ते फक्त तळाशी. वरचं लाकूड ठणठणीत असतं. तेव्हा त्याने तळाला एक खडा ठेवला आणि खांब त्याच्यावर उभा केला. बाप म्हणायचा, तिथून हा शब्द आला. खरं-खोटं तो जाणे, तो काही विद्वान नव्हता. पण एवढं नक्की की त्याने तो दगड कधी कोणाला तळपताना दाखवला नाही. उलट मी एकदा हौसेने वरची बाजू घासून गुळगुळीत केली होती, तर त्याने माझ्या पाठीत धपाटा घातला. म्हणाला, "यावर खांब उभा राहायचा आहे, की घसरायचा?"

आता तो बसवतात कसा ते ऐका. दगड आधी जमिनीत पक्का करायचा, आणि चार बोटं वर ठेवायचा. नंतर फरशी कितीही धुतली तरी पाणी त्या चार बोटांच्या वर चढत नाही. वरची बाजू मधे सपाट, कडांना किंचित उतार, म्हणजे पाणी पडलं तरी निथळून जातं. मधे एक चौकोनी खोबण. खांबाच्या बुडाला तेवढाच खुंट. मग सुतार खांबाच्या बुडाला कोळसा फासतो, खांब दगडावर टेकवून उचलतो. दगडावर जिथे काळा डाग उमटला तिथे दगड उंच आहे. तिथे मी छिन्नी मारायची. पुन्हा टेकवायचं, पुन्हा उचलायचं. डाग सगळीकडे सारखा उमटला की काम झालं. एकेक खांब आम्ही वीस-वीस वेळा टेकवला आहे. नवरा-बायको त्या वेळी एकमेकांशी काय काय बोललो ते या सभागृहात सांगता येणार नाही. पण चौदाव्या खांबाला सहा वेळांत डाग सारखा आला होता.

तो व्हरांडा अकरा वर्षं उभा होता. एक खांब हलला नाही. मग तपासणीला वरची मंडळी यायची होती. साहेब तेव्हा प्राचार्य नव्हते, इमारत विभागाचे प्रमुख होते. पाहुण्यांना रस्ता दाखवत पुढे चालले होते, नवे बूट घातले होते, आणि त्यांना तिसऱ्या खांबाच्या तळखड्याची ठेच लागली. पडले नाहीत, पण हातातले कागद पडले. आठ-दहा जण हसले. मी तिथेच होते. मी हसले नाही, असं मी म्हणणार नाही.

पुढच्या महिन्यात फरशीवाले आले. हुकूम असा की व्हरांडा एकसारखा सपाट करा, दगड मधे मधे येतात. जुन्या फरशीवर भर घालून नवी फरशी चढवली. चार बोटांचा दगड तर बुडालाच, वर खांबाचं बोटभर लाकूडही सिमेंटमध्ये गाडलं गेलं. मिस्त्री धावत साहेबांकडे गेले. मी मागे उभी होते, म्हणून शब्दन् शब्द सांगते.

मिस्त्री म्हणाले, "साहेब, खांबाभोवती तेवढी फरशी चढवू नका. हातभर जागा सोडा. लाकूड पाण्यात येतंय."

साहेब म्हणाले, "मिस्त्री, तुम्ही लाकडाचं बघा. फरशीचं आम्ही बघतो."

"अहो, लाकडाचंच बघतोय."

"दगड काय, शोभेचाच आहे. दिसला काय नि झाकला काय."

तो शब्द पहिल्यांदा मी तेव्हा ऐकला. पंधरा वर्षांनी तो मला पुस्तकात छापलेला सापडला.

त्या भिंतीपाशी उभ्या आहेत ना, निळ्या साडीतल्या मावशी, त्या तेव्हापासून रोज दोन वेळा ती फरशी पुसत आल्या. त्यांना विचारा पाणी कुठे साचायचं. त्या कोणालाही सांगतील, खांबाच्या मुळाशी. सहा वर्षं रोज दोन वेळा चौदा खांबांची बुडं पाणी पीत होती. नऊ वर्षांपूर्वी, सुट्टीत, व्हरांड्याचा डावीकडचा भाग खाली बसला. विद्यार्थी नव्हते हे नशीब. मावशी होत्या. त्यांचा खांदा निखळला, अजून हात डोक्याच्या वर जात नाही. तरी फरशी त्याच पुसतात.

चौकशी झाली. चौकशी कोणी केली? इमारत विभागाच्या प्रमुखांनी. म्हणजे ज्याने फरशी चढवली त्याने ठरवायचं होतं की दोष फरशीचा की लाकडाचा. अहवालात एक ओळ आली, 'सुताराने न सुकवलेले, कच्चे लाकूड वापरल्यामुळे खांब कुजले.' मिस्त्रींना दुसऱ्या दिवसापासून येऊ नका म्हणून सांगितलं. खांब तिसऱ्या दिवशी सरपणाला गेले. एवढी तडफ या संस्थेत मी एरवी कधी पाहिली नाही.

इथे सुतारकामाचे शिक्षक बसले आहेत. गुरुजी, तुम्हीच सांगा. कच्चं लाकूड काय करतं? पहिल्या वर्षीच पिळतं, आडवं-तिडवं तडकतं, वरपासून खालपर्यंत. ते अकरा वर्षं सरळ उभं राहून मग फक्त बुडाशी, फक्त फरशी चढवल्यावर, कुजतं का? गुरुजी मान खाली घालून बसलेत. राहू दे. त्यांचा दोष नाही, त्यांनाही पुस्तकातलंच शिकवावं लागतं.

आणि काय शिकवतात ते ऐका, कारण इथून माझा राग सुरू होतो. आतापर्यंत तो नुसता तापत होता. दर वर्षी नवी तुकडी आली की लाकडाच्या पहिल्या धड्याला त्यांना बाहेर नेतात, व्हरांडा दाखवतात आणि सांगतात, इथल्या मिस्त्रीने कच्चं लाकूड वापरलं, म्हणून छप्पर पडलं, तुम्ही असं करू नका. नऊ तुकड्यांनी तो धडा घेतला. नवव्या तुकडीत माझी नात होती. वहीत उतरवून घेतलं तिने. आपल्या आजोबांबद्दल. कोणाला कळू नये म्हणून मान वर केली नाही. ज्यांनी माझ्या नवऱ्याच्या हाताखाली रंधा धरायला शिकून घेतलं, ती मुलं आता रस्त्यात समोर आली की दुकानाच्या पाट्या वाचायला लागतात. कोणी कामाला बोलावलं नाही. आता बोलावलं तरी ते जाणार नाहीत, हात थरथरतो. ते मी मागतच नाही.

नातीचा पेपर घेऊन मी साहेबांकडे गेले. एकदा नाही, तीनदा. पहिल्यांदा चहा दिला. म्हणाले, "आजी, कोश समितीने मान्य केलाय."

मी विचारलं, "समितीतल्या किती जणांनी खांब उभा केलाय?"

"ते विद्वान लोक आहेत."

"ते दिसतंच आहे."

दुसऱ्यांदा चहा दिला नाही. मी अहवालाचं बोलले. म्हणाले, "झालं गेलं. आता जुनं उकरून काय मिळणार?" मी म्हटलं, "चार फरश्या उकरा, तुम्हालाच दिसेल काय मिळतं." हसले.

तिसऱ्यांदा मला दारातच थांबवून म्हणाले, "आजी, माझ्या निरोप समारंभात तुम्ही बोलायचं हं. जुन्या कारागिरांचा मान राहिला पाहिजे." त्यांना वाटलं, म्हातारीला माइक दिला की म्हातारी खूश. नऊ वर्षांत त्यांनी माझ्याबद्दल केलेली ही पहिलीच चूक.

घरी जाताना मला ते सगळं उलगडलं. मी अडाणी, मला उशिरा कळतं. तळखडा जर कामाचा दगड असेल, तर तो गाडणारा दोषी. पण तो जर शोभेचा असेल, तर त्याला झाकलं काय नि ठेवलं काय, छप्पर पडायला लाकूडच कारण. म्हणजे अहवालातली ती ओळ उभी राहायची असेल, तर पुस्तकातली ही ओळ तिच्याखाली हवी. साहेब, तुम्हाला तळखड्याचा अर्थ कळत नाही असं मी म्हणणार नाही. तुम्ही तो वापरून दाखवलाय. खोटं बुडाशी कुजू नये म्हणून तुम्ही त्याच्याखाली दगड ठेवलात. फक्त बसवताना कोळसा लावून बघितलं नाहीत.

हे बघा, माझ्या हातात चिठ्ठी आली. वाचते. 'आजी, कृपया दोन मिनिटांत आटोपते घ्यावे, अल्पोपाहार थंड होत आहे.' ज्यांनी कोणी लिहिली त्यांचं अक्षर सुंदर आहे. अल्पोपाहार झाकून ठेवा.

आज सकाळी सात वाजता मी, माझी नात आणि मावशी, तिघी फाटकातून आत आलो. राखणदाराने विचारलं, इतक्या लवकर? मी म्हटलं, समारंभाची तयारी आहे. खोटं बोलले नाही. तिसऱ्या खांबाच्या जुन्या जागेवरची एक फरशी मी काढली. आता तिथे हातभर बाजूला लोखंडी पाइप उभा आहे, त्याच्याही बुडाला गंज धरलाय, तोही कच्च्या लाकडाचाच असणार. संस्थेच्या मालमत्तेची मोडतोड केली असं कोणी म्हणेल, म्हणून सांगते. फरशी फोडली नाही, सोडवली. भिंतीला टेकून सबंध उभी आहे. ज्यांना या दोन्हीतला फरक कळत नसेल त्यांना मी शिकवायला तयार आहे.

फरशीखाली भर आहे. भरीच्या खाली माझा दगड आहे. दगडाच्या डोक्यावर किती भर आहे ते नातीने पट्टी धरून मोजलं, अडीच इंच. खोबणीत खांबाचा खुंट अजून आहे. तो लाकूड म्हणून ओळखू येत नाही, भिजून सुकलेल्या चहाच्या चोथ्यासारखा हाताला लागतो. कुजला कुठे आणि कशाने, ते तिथे वाकून बघणाऱ्या कोणालाही दिसेल. वाचता यायची गरज नाही.

अध्यक्ष महोदय, आपण स्वतः इमारती बांधणारे आहात असं मघाशी आपल्या परिचयात सांगितलं. माझी आपल्याला विनंती आहे. आपण उठावं, या दारातून बाहेर जावं, उजवीकडे वीस पावलं, आणि बघून यावं. मी इथे थांबते. मला घाई नाही, माझं भाषण तसंही पाठ नाही.

उठले. गेले. बसा हो सगळे, अध्यक्षांना बघायचंय, तुम्हाला नाही. तुम्ही नंतर बघा, दगड कुठे जात नाही.

तोवर आणखी एक सांगते. मला साहेबांची माफी नको. माफी म्हणजे वाऱ्यावरची गोष्ट, दार उघडलं की गेली. मी कार्यालयात विचारून आले. अहवाल ज्याने लिहिला, त्याने पदावर असताना त्यावर शेरा मारून सही केली, तर तो शेरा फायलीत लागतो आणि धडा बदलावा लागतो. उद्यापासून साहेबांची सही म्हणजे घरच्या दूधवाल्याच्या वहीतली सही. नवे साहेब दुसऱ्याच्या अहवालाला हात लावणार नाहीत, ते त्यांनी आजच मला मोकळेपणाने सांगितलं. म्हणजे कार्यालय बंद होईपर्यंतच काय ते. साडेपाच. आता पाचला दहा मिनिटं आहेत. अहवालाची प्रत नातीने रीतसर अर्ज करून काढली आहे. ती साहेबांच्या समोरच्या टेबलावर, पुस्तकांच्या शेजारी, मघापासून आहे. साहेबांनी ती उलटी करून ठेवली आहे, ते मी पाहिलंय.

अध्यक्ष आले. गुडघ्याला माती लागलीय, म्हणजे वाकून बघितलं. धन्यवाद साहेब. काय म्हणालात? जरा माइकजवळ... बरं, मीच सांगते. मागच्यांना ऐकू गेलं नसेल. अध्यक्ष म्हणाले, दगडावर भर आहे, आणि खांबाचं बूड भरीत होतं. मला तेवढं पुरे आहे.

आता प्राचार्यसाहेब बोलतायत. बोला. काय? 'गडबडीत राहून गेलं. पुढच्या आवृत्तीत शब्दाचा अर्थ दुरुस्त करू.'

नाही साहेब. शब्दाची तुम्ही काळजी करू नका. शब्द तुमच्या आधी होता आणि तुमच्या नंतर राहील, जोवर कोणीतरी खांबाखाली दगड ठेवतंय तोवर. तुमच्या पुस्तकाने त्याचं काही बिघडत नाही. बिघडलं ते एका माणसाचं. पुढच्या आवृत्तीपर्यंत तो माणूस थांबेल की नाही, मी सांगू शकत नाही. पुस्तक नंतर करा. आधी कागद सुलटा करा.

केला. पोरी, साहेबांना पेन दे. त्यांच्या खिशात आहे, पण तो आज भेट मिळालेला आहे, नव्या पेनाची शाई पटकन उतरत नाही.

वहिनीसाहेब, तुम्ही अशा बघू नका माझ्याकडे. मीही कोणाची तरी बायको आहे. नऊ वर्षं मीही अशीच बघत होते.

अहो, शेवटच्या रांगेत तुम्ही का उठलात? दाराकडे काय चाललात? बसा. तुमचं उभं राहून झालंय. खाली बसा म्हणते ना. कोणीतरी त्यांना पाणी द्या.

साहेब, काय लिहायचं ते मी सांगते, दोनच वाक्यं आहेत, तुम्हाला शोधत बसायला नको. पहिलं. 'खांबांचे लाकूड सुकवलेले व चांगले होते.' दुसरं. 'तळखडे फरशीखाली गाडल्यामुळे खांब कुजले, व तो हुकूम माझा होता.' त्याखाली सही, तारीख आणि पदाचा शिक्का. शिक्का लेखनिकांकडे आहे, ते पुढेच बसले आहेत.

लिहितायत. सगळे जरा शांत राहा, माणसाला लिहू द्या.

पहिलं वाक्य झालं. इथून दिसतंय मला. पोरी, तू वाचून दाखव, मोठ्याने, शेवटच्या रांगेपर्यंत जाईल असं.

ऐकलंत ना हो? बरं.

दुसऱ्या वाक्याला पेन थांबलाय. साहेब, मी समजू शकते. पहिल्या वाक्यात दुसऱ्याचं नाव निघतं, ते सोपं असतं. दुसऱ्यात आपलं घालावं लागतं. पण पहिलं वाक्य एकटं उभं राहत नाही, हे तुम्हाला इमारत विभागात तेवीस वर्षं काढल्यावर मी सांगायला नको.

तर आता माझं बोलणं संपवते. मला इथे उभं केलंत, इतका वेळ ऐकून घेतलंत, अध्यक्ष महोदय आपण मातीत गुडघा टेकलात, मावशी तुम्ही सकाळी पहार धरलीत, सर्वांचे मी आभार मानते. अडाणी बाई आहे, बोलण्यात एखादा शब्द वाकडा गेला असेल, कोणाच्या मानपानात कमी पडलं असेल, तर ते मनावर घेऊ नका. जे सरळ बोलले ते मात्र घ्या.

तुम्ही सगळे अल्पोपाहाराला जा. आता कोणी कोणाला अडवलेलं नाही. मी इथेच, साहेबांच्या टेबलापाशी उभी राहते. अजून पस्तीस मिनिटं आहेत, आणि एकच वाक्य राहिलंय.